लागू नसेल ते खोडा

जून उजाडला की आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि कागद जास्त असतात. कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचं डोमिसाइल, कुणाच्या रेशनकार्डाची झेरॉक्स. बचत गटांच्या कामामुळे वसई-विरारच्या वस्त्यांमधून माझं जाणं-येणं असतं. गटातल्या बायकांच्या मुली आता कॉलेजात जायला लागल्या आहेत. फीसवलतीचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज हातात पडला की त्या येतात, ‘काकू, एवढं बरोबर भरलंय का बघता?’

मी बघते. नाव, पत्ता, टक्केवारी, बँकेचा खातेक्रमांक हे सगळं मुलींनी सुवाच्य अक्षरात भरलेलं असतं. रिकामं असतं ते दुसरं पान. त्यावर लिहिलेलं असतं, ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार होती, लाइट गेली होती. नालासोपारा पूर्वेहून एक मायलेकींची जोडी आली. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण तुमच्याही गल्लीत अशी एक जोडी असणार. मुलीला बी.एस्सी. आयटीला प्रवेश मिळाला होता. विनाअनुदानित कोर्स, त्यामुळे फी भरमसाट. कॉलेजचा स्वतःचा एक साहाय्य निधी होता. त्याचा दोन पानी छापील अर्ज त्यांनी पिशवीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणला होता. आई इमिटेशन ज्वेलरीचं काम घरी आणून करते. तिच्या नखांत वाळलेला गोंद होता.

मुलीचं पेन दुसऱ्या पानावर दुसऱ्याच ओळीला थांबलं. ओळ अशी होती : ‘वडील : हयात / मयत (लागू नसेल ते खोडा)’.

मुलगी आईकडे न बघता मला म्हणाली, ‘काकू, हयात खोडू?’

आईचा हात आपोआप गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे गेला. मुलगी तिसरीत असताना नवरा कामाला म्हणून गेला, तो आलाच नाही. मध्ये कुणी म्हणालं सुरतेला दिसला, कुणी म्हणालं त्याने दुसरं घर केलं. फारकत नाही, कागद नाही, फोन नाही. दोघींच्या आयुष्यात तो नव्हता. पण मेलाही नव्हता.

‘ताई, मी कुंकू लावते,’ आई म्हणाली. ‘त्याच्यासाठी नाही लावत. पण मेला असं पोरीच्या हातून कसं लिहायला लावू?’

‘मग हयात ठेव,’ मुलगी चिडून म्हणाली. ‘म्हणजे ते विचारतील त्यांचा पगार किती, सही कुठाय. कुठून आणू?’

मैत्रिणींनो, मी इतकी वर्षं फॉर्म भरतेय, पण त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की बायकांना कागदांची जी भीती वाटते ती अक्षरांची नसते. रकान्यांची असते. आपलं आयुष्य ज्या रकान्यात बसतच नाही, तिथे ते बसवायला सांगितलं की माणूस एकतर खोटं बोलतो, नाहीतर अर्ज करायचंच सोडून देतो. सोडून देणाऱ्यांत मुलींची संख्या जास्त, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘राहू दे आई, नको तो फॉर्म’ असं म्हणून शिवणाच्या क्लासला किंवा कारखान्याच्या गाळ्यात कामाला गेलेल्या पोरी मला माहीत आहेत.

आता कुणी म्हणेल, मदत पाहिजे तर घरची माहिती द्यायलाच हवी. बरोबर आहे. आपल्या महाराष्ट्राने गरिबाच्या पोराची फी माफ करण्याची वाट फार आधी धरली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ‘ईबीसी’ची सवलत सुरू झाली. वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, कारकून, डॉक्टर त्या तीन अक्षरांवर शिकले. आज तिच्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नाची मर्यादा आठ लाखांपर्यंत गेली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट तीच, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. म्हणजे सवलत आहे, आणि ती कुणाची मेहेरबानी नाही. पण तिच्यापर्यंत पोचायची वाट त्या दुसऱ्या पानावरून जाते.

त्या पानावरचा दुसरा रकाना आपल्याबद्दलचा आहे. ‘आईचा व्यवसाय’.

मुली इथे काय लिहितात? दहातल्या आठ जणी लिहितात, ‘गृहिणी’. काहीजणी लिहितात, ‘काही नाही’. मी विचारते, ‘अगं, आई दिवसभर काय करते?’ मग कळतं, आई अर्नाळ्याहून मच्छीची पाटी घेऊन विरारच्या बाजारात बसते. आई वाडीतली भाजी आणि फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाते. आई चार घरच्या पोळ्या करते. आई इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवते, डझनाच्या भावाने. पूर्वेकडची एखादी आदिवासी मुलगी सांगते, दिवाळीनंतर आई वीटभट्टीवर असते. हे सगळं करून वर घरचं पाणी, रांधणं, धुणं, सासूचं औषध. आणि अर्जात ‘काही नाही’!

मला दोष मुलींना द्यायचा नाही. माझ्या स्वतःच्या कॉलेजच्या अर्जात मी तेच लिहिलं होतं. आई रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवायची. त्या पैशांतून माझी पुस्तकं यायची. तरी ‘आईचा व्यवसाय’ समोर मी एक आडवी रेघ मारली होती. शेजारी बसून आईने ती रेघ पाहिली आणि काही बोलली नाही. कारण तिलाही ते तसंच वाटत होतं. आज ती रेघ मला पुसून टाकता येत नाही.

सरकारचंच एक सर्वेक्षण आहे, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याचं. २०१९ मध्ये त्यात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं, तर बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत दोघांचंही थोडं कमी झालं, अंतर मात्र तेवढंच राहिलं. जवळजवळ पाच तास बिनपगारी काम करून, उरलेल्या वेळात जी चार पैसे मिळवते, तिच्या नावापुढे मुलीने ‘काही नाही’ लिहायचं?

यात एक भीतीही असते, ती मी समजू शकते. आईची कमाई लिहिली तर उत्पन्न वाढेल आणि सवलत जाईल! म्हणून आईची कमाई लपवायची. अहो, पण हिशेब करून तर बघा. आठ लाखांची मर्यादा असेल तर महिन्याला साधारण ६६ हजार झाले. खडे चिकटवून मिळणाऱ्या पाच-सहा हजारांनी कुठली मर्यादा ओलांडली जाते? ज्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा अडीच लाखांसारखी कमी ठेवलेली असते, तिथे मात्र प्रश्न खरा आहे. तिथे नवरा-बायको दोघं राबले तर घर मर्यादेबाहेर जातं आणि एकाने बसून राहिलं तर आत येतं. या मर्यादा महागाईबरोबर वेळच्या वेळी वाढल्या पाहिजेत, ही मागणी आपण मोठ्याने करायला हवी. पण त्यावर उपाय म्हणून आईलाच कागदावरून पुसून टाकणं हा काही उपाय नाही. आज लपवलेली कमाई उद्या तिला कर्ज हवं असेल, तिला कोर्टात पोटगी मागायची असेल, तेव्हा कुठून सिद्ध करणार?

दुसऱ्या पानाच्या शेवटी तीन ओळी सोडलेल्या असतात. ‘आर्थिक मदतीची गरज का आहे, थोडक्यात लिहा’. इथे सगळ्या मुली एकच वाक्य लिहितात : ‘आमच्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून कृपया मदत करावी ही नम्र विनंती.’ एकीचं बघून दुसरी लिहिते. निवड समितीपुढे असे शंभर कागद येत असतील, तर त्या बिचाऱ्यांनी तरी काय समजायचं?

मी मुलींना सांगते, रडू नका, हिशेब मांडा. घरात माणसं किती, कमावणारं कोण, महिन्याला येतात किती, खोलीचं भाडं किती, आजारपणाला जातात किती, आणि फी भरायला किती कमी पडतात. आकडे लिहायला लागलं की मुलींचा चेहराच बदलतो. गरिबीची लाज वाटते, कारण ती धुरासारखी सगळीकडे पसरलेली असते. तिचे आकडे झाले की तो एक हिशेब होतो, आणि हिशेबाची लाज वाटत नाही. शिवाय त्या निमित्ताने मुलीला कळतं की घर नक्की कशावर चाललंय. बऱ्याच मुलींना हे सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलेलंच नसतं.

आता पुन्हा त्या ‘हयात / मयत’कडे येते.

कुणाला वाटेल, एवढ्याशा ओळीचं काय घेऊन बसलात. पण अशाच एवढ्याशा ओळीवरून देशात मोठे निकाल लागले आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. नवरा-बायकोंत भांडण नव्हतं, दोघांचं तसं ठरलं होतं. तरी वडिलांची सही मागितली गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९९ च्या फेब्रुवारीत कोर्टाने सांगितलं की कायद्यात ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असं जे लिहिलंय, त्यातल्या ‘नंतर’चा अर्थ वडील वारल्यानंतर असा घ्यायचा नाही. वडील लक्ष देत नसतील, दूर असतील, तर त्यांच्या गैरहजेरीत आई ही पालकच आहे.

गैरहजर! नेमका हाच शब्द आमच्या त्या छापील अर्जात नव्हता.

२०१५ मध्ये अशीच एक आई सुप्रीम कोर्टात गेली. लग्न न करता तिने मुलगा वाढवला होता. आपल्या बचतीला आणि विम्याला त्याचं नाव लावायला गेली, तर वडिलांचं नाव सांगा म्हणून अडवलं. कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. वडिलांचं नाव सांगायची सक्ती न करता तिचा पालकत्वाचा अर्ज ऐकायला सांगितलं. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम बदलले आणि आई किंवा वडील, एकाचं नाव दिलं तरी चालेल असं झालं. डिसेंबर २०१८ पासून एकट्या आईच्या मुलांना पॅनकार्डासाठी वडिलांचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं असा क्रम ठरला.

चांगली गोष्ट आहे. पण ती बाळं कॉलेजात जातील २०४२ साली. आज जी पोरगी अठरा वर्षांची आहे तिचं काय?

सरकारला तिसरा रकाना माहीत नाही असंही नाही. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हा तिच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर ‘परित्यक्ता’ आणि ‘निराधार’ हेही शब्द स्पष्ट लिहिलेले होते. टाकून दिलेली बाई ही काही विधवा नाही आणि घटस्फोटितही नाही, हे मान्य झालं. पण २०२५ च्या सप्टेंबरात त्याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांना दोघंही नाहीत त्या बायका अडकल्या. शेवटी मुदत वाढवावी लागली आणि अशा बायकांसाठी वेगळी वाट करावी लागली. एका हाताने तिसरा रकाना दिला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा जुनाच प्रश्न विचारला. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात घराचं एकच चित्र असलं की असं होतं.

वसईतल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशी आहेत. तशाच एका मैत्रिणीची भाची अमेरिकेत कॉलेजात आहे. तिने सांगितलं म्हणून मी जरा माहिती घेतली. तिथे सरकारी मदतीसाठी ‘फाफ्सा’ नावाचा एक अर्ज असतो. आई-वडील वेगळे राहत असतील तर मागच्या बारा महिन्यांत ज्याने मुलाचा जास्त खर्च उचलला, त्या एकाचीच माहिती द्यायची, असा २०२४-२५ च्या अर्जापासून नियम आहे. आई-वडिलांनी सोडूनच दिलं असेल तर तसं सांगायची सोय त्या अर्जातच आहे. मग कॉलेजचा अधिकारी चौकशी करून ठरवतो. तिकडचं सगळं छान आणि आपलं सगळं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिथली मुलं शिक्षणाच्या कर्जात आयुष्यभर बुडतात, तेही आपण वाचतो. पण ‘खर्च कोण उचलतं?’ हा प्रश्न मला आवडला. ‘वडील हयात आहेत का?’ यापेक्षा तो किती सरळ आहे! पैसे कुणाकडून येतात एवढंच जर निधीला जाणून घ्यायचं असेल, तर तेवढंच विचारावं की.

याला विरोधही होतो, आणि तो मी ऐकलेला आहे. एक प्राध्यापक मला म्हणाले, ‘ताई, असे मोकळे रकाने ठेवले तर सगळेच लिहितील वडील सोडून गेले. खोटं लिहिणारे कमी नाहीत.’ खरं आहे. दोन-दोन गाळे भाड्याने दिलेल्या गृहस्थांनी लाखाच्या आतला दाखला काढून सवलत घेतल्याचं मीही पाहिलंय. निधी मर्यादित असतो आणि एका खोट्या अर्जामुळे एका खऱ्या मुलीची जागा जाते. पण गंमत बघा, हे खोटं बोलणारे गृहस्थ ‘हयात’मध्ये व्यवस्थित बसतात! त्यांची सही असते, दाखला असतो, रकाने सगळे भरलेले असतात. अडते ती खरं बोलणारी. तेव्हा पडताळणी जरूर करा. रेशनकार्डावर कोणाची नावं आहेत ते बघा, अंगणवाडी सेविकेला विचारा, शेजारच्या दोघांची सही घ्या. पण आधी खरं लिहायला जागा तर द्या.

आणि आणखी एक. चौकशी करा, पण ती खिडकीवर, मागे वीस मुलं उभी असताना मोठ्या आवाजात नको. ‘वडील कुठे गेले तुझे?’ हा प्रश्न रांगेत विचारायचा नसतो. एक खोली, एक शिक्षिका आणि पाच मिनिटं एवढीच सोय लागते, तिला काही वेगळा निधी लागत नाही.

कॉलेजांनी आणि सरकारने काय करावं हे झालं. आपण काय करू शकतो?

पहिलं म्हणजे आईचे कागद जूनच्या आधी तयार ठेवायचे. आधारवर, बँकेत आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव एकसारखं आहे का ते बघायचं. माहेरचं-सासरचं नाव, एखादी वेलांटी, यात महिनाभर जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळतो. घर जिची कमाई चालवते तिने तो स्वतःच्या नावाने मागायला संकोच करू नये. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत ठरवलेली आहे. अर्जाची पोच घ्या, तारीख सांभाळा. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. बऱ्याच ठिकाणी प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणून बायकांना स्टॅम्पपेपरमागे पळवतात. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलेलं नसेल, तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं, असा राज्याचा मार्च २०१५ चा शासन निर्णय आहे. हे शब्द पाठ करून ठेवा, खिडकीवर उपयोगी पडतात.

दुसरं, ऑनलाइन अर्ज सायबरवाल्याकडून भरून घेतलात तरी मोबाइल नंबर आपलाच द्या. त्याचा दिला की ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि अर्जात त्रुटी निघाल्याचा निरोपही त्याच्याकडेच. अर्ज परत आला हे मुलीला कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. आणि भरलेल्या फॉर्मच्या जास्तीच्या झेरॉक्स दुकानात टाकून येऊ नका. त्यावर तुमचं अख्खं घर लिहिलेलं असतं.

तिसरं, ‘आईचा व्यवसाय’ समोर खरं लिहा. मच्छीविक्री, भाजीविक्री, पोळीभाजी केंद्र, घरगुती दागिने काम, वीटभट्टी मजुरी. आणि बाहेरची कमाई नसेल, तर ‘गृहिणी’ लिहा, ताठ मानेने लिहा. पण ‘काही नाही’ लिहू नका, आणि रेघ मारू नका.

त्या दुपारी आम्ही शेवटी काहीच खोडलं नाही. दोन्ही शब्द तसेच ठेवले आणि खाली जागा होती तिथे मुलीने बारीक अक्षरात लिहिलं : ‘वडील दहा वर्षांपासून घरी नाहीत, संपर्क नाही. घर आई चालवते.’ ‘आईचा व्यवसाय’ समोर लिहिलं, ‘दागिने काम (घरून)’, आणि पुढे महिन्याची कमाई. तीन ओळींत सगळा हिशेब मांडला. आईला मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘घर आई चालवते, हे परत वाचा.’

कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म परत आला. ‘दोन्हीतलं एक काहीतरी खोडून आणा.’ मुलगी घाबरली, पण खोडलं नाही. समितीतल्या एका मॅडमना भेटली. त्यांनी तो वाचला, समोर बसवून दोन-चार प्रश्न विचारले आणि कोपऱ्यात सही करून ठेवून घेतला. फीची अर्धी रक्कम मंजूर झाली. उरलेली अर्धी आईने गटातून कर्ज काढून भरली, ते हप्ते अजून चालू आहेत. म्हणजे गोष्ट काही फार गोड संपली नाही.

पण यंदा ती दुसऱ्या वर्षाचा अर्ज घेऊन आली होती. छापील अर्ज तोच, ओळ तीच, कंसातली सूचनाही तीच. तिने मला विचारलं नाही. दोन्ही शब्द सोडून खाली तिने स्वतःच ओळ लिहून आणली होती. मला फक्त स्पेलिंग बघायला सांगितलं.

पुढच्या वर्षी तरी कॉलेजने तिथे एक मोकळा रकाना छापावा. शाई तेवढीच लागेल.